शोभेचीं जहाजें आणि खोटे दोर

आमच्या सुशिक्षित मध्यम वर्गाच्या दिवाणखान्यांत अलीकडे एका नव्या पाहुण्याचा प्रवेश झाला आहे. पूर्वीं ज्या फडताळावर संगमरवरी ताजमहाल किंवा काचेच्या पेटींतला चंदनी हत्ती असे, तेथें आतां तीन डोलकाठ्यांचें, डझनभर शिडें फुगविलेलें लांकडी लढाऊ जहाज उभें असतें. लग्नांत तें आहेर म्हणून येतें, सेवानिवृत्तीच्या समारंभांत मानचिन्ह म्हणून येतें, आणि एकदां येऊन बसलें म्हणजे धूळ झाडण्यापलीकडे त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाहीं. वस्तु निरुपद्रवी आहे. मग तिच्यावर मासिकाचीं चार पानें खर्च करण्याचें प्रयोजन काय, असें वाचक विचारतील. प्रयोजन सांगतों.

एका स्नेह्यांच्या घरीं असें एक जहाज आम्हीं जवळून पाहिलें. त्याच्या पितळी पाटीवर एका प्रसिद्ध इंग्रजी युद्धनौकेचें नांव कोरलेलें होतें. शिडें नाळेकडे, म्हणजे पुढच्या अंगाला, फुगलेलीं होतीं. अर्थात् वारा मागून येत होता. पण डोलकाठ्यांच्या माथ्यांवरचीं निशाणें मात्र मागें सुकाणूकडे फडकत होतीं. अर्थात् वारा पुढून येत होता. एकाच जहाजावर एकाच क्षणीं दोन विरुद्ध दिशांचे वारे वाहविण्याचें जें सामर्थ्य प्रत्यक्ष वायुदेवालाहि नसेल, तें त्या कारागिरानें डिंकाच्या एका थेंबानें साधलें होतें! डोलकाठीला दोन्ही अंगांनीं तोलून धरणारे दोर कोठेंहि बांधलेले नव्हते. कठड्याच्या आड नेऊन ते चिकटविले होते. शिडें फिरविण्याचे म्हणून जे दोर दाखविले होते, त्यांतले कित्येक एका काठीवरून निघून दुसऱ्या काठीवर संपत होते. डेकवरच्या मनुष्याच्या हाताशीं त्यांचा कांहींच संबंध नव्हता. आम्हीं हें दाखवून दिलें तेव्हां स्नेही हंसले आणि म्हणाले, "अहो, शोभेची वस्तु ती! दोर कोण मोजत बसतो?"

या एका वाक्यांत आमच्या बहुतेक इतिहासप्रेमाचें सार आलें आहे असें आम्हांस वाटतें, आणि म्हणूनच त्याचा समाचार घेणें अवश्य आहे. आमच्या स्नेह्यांच्या बाजूनें जें जें बोललें जातें त्याचे तीन भाग पडतात. पहिला आक्षेप असा कीं, प्रतिकृति शोभेसाठीं आहे. ती सुंदर दिसली म्हणजे झालें. दुसरा असा कीं, हीं जहाजें परक्यांचीं. त्यांच्या दोरांची उठाठेव आम्हीं कां करावी? तिसरा, आणि सर्वांत मानभावी, असा कीं, इतिहास हा पराक्रमाचा असतो, सुतळीचा नव्हे. वीरांचें स्मरण सोडून गांठी मोजणें हा रिकामपणाचा उद्योग होय. तिन्ही आक्षेप आम्ही क्रमानें घेतों.

प्रथम शोभेची गोष्ट. शिडाच्या जहाजावर दोर दोन जातींचे असतात, हें ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. डोलकाठी ही जहाजांत नुसती रोवून ठेवलेली काठी नव्हे. तिच्यावर शिडांचा आणि वाऱ्याचा जो प्रचंड भार येतो तो नुसत्या लांकडाला सोसणार नाहीं. म्हणून ती पुढून, मागून आणि दोन्ही अंगांनीं जाड दोरांनीं ताणून धरलेली असते. हे दोर एकदां बांधले म्हणजे जागचे हलत नाहींत. पाणी लागून ते कुजूं नयेत म्हणून त्यांना डांबर पाजीत, आणि त्यामुळें ते काळपट दिसत. ही स्थिर दोरांची जात झाली. दुसरी जात चालत्या दोरांची. शीड सोडणें, आवळणें, परबाण म्हणजे शीड ज्या आडव्या काठीला बांधतात ती वर चढविणें किंवा वाऱ्याचा रोख पाहून फिरविणें, हीं सर्व कामें या दोरांचीं. ते कप्प्यांतून फिरत फिरत शेवटीं खालीं डेकवर येतात आणि तेथें आपआपल्या खुंटीला बांधले जातात. त्यांना तसें डांबर नसे, म्हणून त्यांचा रंग फिकट. काळोख्या रात्रीं, तुफानांत, डोळ्यांत खारें पाणी जात असतां खलाशाचा हात न चुकतां हव्या त्या दोरावर पडला पाहिजे. म्हणून कोणता दोर कोणत्या खुंटीला, हें ठरलेलें असे आणि तें ज्याला पाठ नसेल तो खलाशी खलाशी नव्हे.

१७६५ सालीं पाण्यांत उतरलेल्या आणि १८०५ सालच्या ट्रफाल्गारच्या लढाईनें अजरामर झालेल्या 'व्हिक्टरी' या नौकेवर सुमारें २६ मैल दोर आणि ३७ शिडें होतीं, असें सांगतात. या २६ मैलांत एक वार दोरहि शोभेसाठीं नव्हता. त्या जाळ्याकडे पाहून आज आपणांस जें सौंदर्य भासतें, तें प्रत्येक दोर आपल्या कामावर हजर असल्याचें सौंदर्य आहे. दिवाणखान्यांत तंबोरा ठेवावा आणि त्याच्या तारा घोडीवरून न नेतां मध्येंच भोपळ्याला चिकटवून टाकाव्या, तर गाणें जाणणारा मनुष्य त्या घरांत क्षणभर तरी स्वस्थ बसेल काय? तंबोरा आमचा, म्हणून ती विटंबना आम्हांला दिसते. जहाजाची विटंबना दिसत नाहीं, कारण जहाज आम्हांला ठाऊकच नाहीं. तेव्हां "सुंदर दिसतें" या म्हणण्याचा खरा अर्थ "आम्हांला कळत नाहीं" एवढाच आहे.

दोरांचें महत्त्व एवढ्यानेंहि ज्यांना पटत नसेल त्यांनीं १८१२ सालची एक लढाई पाहावी. त्या काळीं शत्रूचें जहाज जिंकण्याचा एक मार्ग त्याचे दोर आणि डोलकाठ्या तोडणें हा होता. फ्रेंच गोलंदाजांचा तर यावर विशेष भर असे, आणि साखळीनें जोडलेले गोळे याच कामासाठीं वापरीत. २९ डिसेंबर १८१२ रोजीं ब्राझीलच्या किनाऱ्याबाहेर अमेरिकेची 'कॉन्स्टिट्यूशन' आणि इंग्रजांची 'जाव्हा' या दोन नौकांची गांठ पडली. 'जाव्हा'चीं नाळेवरचीं शिडें आणि त्यांचे दोर उडाले तेव्हां ती हवी तशी वळेना. पुढें एकामागून एक तिच्या डोलकाठ्या कोसळल्या, आणि इतकी दुर्दशा झाली कीं विजेत्यांनीं तिला बरोबर नेण्याच्याहि लायकीची न समजतां जाळून टाकलें. आतां या 'जाव्हा'वर काय होतें तें ऐका. मुंबईच्या सैन्याचे नेमलेले सेनापति सर टॉमस हिस्लॉप हे तिच्यावरून हिंदुस्थानांत यावयास निघाले होते. हेच गृहस्थ पुढें २१ डिसेंबर १८१७ रोजीं महिदपूरच्या रणांगणावर होळकरांच्या फौजेसमोर उभे राहिले. आणि त्याच जहाजांत मुंबईच्या गोदींत बांधावयाच्या एका नव्या फ्रिगेटचे नकाशे होते. दोर तुटले, जहाज गेलें आणि नकाशेहि गेले. ते पुन्हां धाडावे लागले, आणि काम सुरू होण्यास १८१६ साल उजाडलें. त्या फ्रिगेटचें नांव 'ट्रिंकोमाली'.

येथें दुसरा आक्षेप आपोआप पुढें येतो. परक्यांचीं जहाजें म्हणतां. पण तुमच्या फडताळावर परकें काय आहे आणि आपलें काय, याचा विचार तुम्हीं कधीं केला आहे काय? 'ट्रिंकोमाली' ही नौका मुंबईच्या गोदींत बांधली गेली. बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया. ज्या लवजी नसरवानजींना १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आणविलें, त्यांच्याच घराण्यांतले. तिचें लांकूड मलबारचें सागवान. १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं ती मुंबईस पाण्यांत उतरली, आणि महिना पुरा होण्याच्या आंत, ५ नोव्हेंबरला, पुण्यानजीक खडकीची लढाई झाली. पेशवाईच्या शेवटच्या शरदांत, पेशव्यांच्या राजधानीपासून शेंसवाशें मैलांवर, आमच्याच किनाऱ्यावरचे कारागीर जगांतल्या सर्वांत बलाढ्य आरमारासाठीं फ्रिगेट घडवीत होते. हें वाक्य वाचून ज्याला अभिमान व विषाद या दोन्ही भावना एकदमच होत नाहींत, त्यानें आपलें इतिहासप्रेम एकदां तपासून पाहावें.

आणि ती एकटी नव्हती. १८१३ सालची 'कॉर्नवॉलिस' मुंबईचीच. १८४२ सालीं चीनला जो अपमानकारक नानकिंगचा तह पत्करावा लागला, त्यावर सह्या झाल्या त्या याच नौकेवर. १८२४ सालची 'एशिया' मुंबईचीच. १८२७ सालच्या नाव्हारिनोच्या लढाईंत ॲडमिरल कॉड्रिंग्टन याचें निशाण हिच्यावर होतें. 'ट्रिंकोमाली' तर आजहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर उभी आहे. मध्यंतरीं तिनें किती अवस्था पाहिल्या! १८९७ सालीं मोडीच्या भावानें जाण्याची वेळ आली. मग नांव बदलून शिकाऊ मुलांची नौका म्हणून ती १९८६ पर्यंत राबली. नंतर अनेक वर्षे खपून तिची दुरुस्ती झाली आणि तिचें मूळ नांव तिला परत मिळालें. 'व्हिक्टरी' १९२२ पासून कोरड्या गोदींत आहे. तेव्हां अद्याप तरंगणाऱ्या ब्रिटिश युद्धनौकांत सर्वांत जुनी हीच मुंबईकरीण. असें असतां आमच्या घरोघर 'व्हिक्टरी'च्या खोट्या प्रतिकृति आहेत, आणि 'ट्रिंकोमाली'चें नांवहि शेंकडा नव्वद यजमानांनीं ऐकलेलें नसेल. म्हणजे परकीं म्हणून दोर नकोत असें नव्हे. दोर नकोत, म्हणून आपलें कोणतें व परकें कोणतें हेंहि कळलें नाहीं; खरा क्रम असा आहे.

आम्ही हें नुसतें पुस्तकी पांडित्य सांगत नाहीं. याच नौकेची लांकडी प्रतिकृति एकास चौसष्ट या प्रमाणानें करून तिचे दोर बांधण्यांत आमचीं दोन वर्षें गेलीं आहेत, आणि त्या दोन वर्षांत आमची जी फजिती झाली ती सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. पहिली फजिती मापाची. जुन्या आरमारी ग्रंथांत सहा इंची दोर म्हटलें म्हणजे सहा इंच परिघाचा दोर. त्याची जाडी दोन इंचांहूनहि थोडी कमी. आम्हीं सहा इंच ही जाडी समजलों. आमच्या प्रमाणांत जो धागा पाऊण मिलिमीटरचा हवा, तो आम्हीं सव्वादोन मिलिमीटरांहून जाड आणला, आणि बांधलेली डोलकाठी पाहतों तों जहाजाला अजगरांनीं विळखा घातलेला! सर्व कापून टाकावें लागलें. दुसरी फजिती उतावळेपणाची. डोलकाठीच्या बाजूंचे दोर एकदां उजवीकडची जोडी, एकदां डावीकडची जोडी, असे आळीपाळीनें चढवावयाचे असतात. आम्हीं सोय पाहून एक बाजू आधीं पुरी केली. काठी त्या अंगाला कलली, आणि दुसऱ्या बाजूनें कितीहि ताणलें तरी सरळ होईना. तिसऱ्या खेपेस पुढचा मोठा दोर इतका आवळला कीं काठी पुढें झुकून मागचे सगळे दोर लुळे पडले. एक दोर ओढला तर त्याचा जाब दहा दोर विचारतात, ही गोष्ट आम्हांस कोणत्याहि ग्रंथानें इतकी स्पष्ट शिकविली नव्हती.

ग्रंथ आहेत, आणि उत्तम आहेत. डेव्हिड स्टील याचा १७९४ सालचा दोरबांधणीवरील ग्रंथ, डार्सी लीव्हर यानें तरुण अधिकाऱ्यांसाठीं १८०८ सालीं काढलेलें सचित्र पुस्तक, आणि १९७९ सालीं जेम्स लीज यांनीं १६२५ ते १८६० या काळांतील इंग्रजी युद्धनौकांच्या डोलकाठ्या व दोर यांवर लिहिलेला ग्रंथ, हे हाताशीं असले म्हणजे अज्ञानाची सबब उरत नाहीं. बाजूच्या दोरांच्या खालच्या टोकांना तीन तीन भोकांच्या गोल लांकडी चकत्या असतात; त्यांतून बारीक दोर ओवून ताण कमीजास्त करतां येतो. त्या दोरांवर आडवे दोर सुमारें तेरा तेरा इंचांवर बांधून खलाशांसाठीं शिडी केलेली असते. आमच्या प्रमाणांत हें अंतर पांच मिलिमीटर. प्रत्येक आडवा दोर प्रत्येक उभ्या दोरावर गांठीनें बांधावयाचा. एका संध्याकाळीं अशा पन्नास गांठी झाल्या म्हणजे पुष्कळ झालें. हा रिकामपणाचा उद्योग म्हणणाऱ्यांस आमची एवढीच विनंति आहे कीं, त्यांनीं एका संध्याकाळीं पन्नास गांठी सारख्या माराव्या आणि मग बोलावें.

इतकें करूनहि आमची चूक काढणारा निघालाच. वेंगुर्ल्याकडील एक वृद्ध तांडेल कांहीं कामानिमित्त आमच्याकडे आले होते. सारें आयुष्य गलबतावर गेलेलें; फ्रिगेट त्यांनीं जन्मांत पाहिलेलें नव्हतें, आणि इंग्रजी ग्रंथांशीं त्यांचा कांहीं संबंध नव्हता. आम्हीं मोठ्या हौसेनें त्यांना तोफा दाखविल्या, नाळेवरचें कोरीव काम दाखविलें. ते "बरां आसा, बरां आसा" म्हणत राहिले. मग मधल्या डोलकाठीवरून खालीं येणाऱ्या एका दोरावर बोट ठेवून त्यांनीं शांतपणें विचारलें, "भाऊनू, ह्यो दोर वडतलो कोण? आनि वडल्यार जातलो खंय?" आम्हीं पाहिलें. तो दोर आम्हीं बाजूच्या शिडीच्या दोरांमधून चुकीच्या फटींतून आणला होता. ओढला असता तर परबाण न फिरतां तोच तेथें अडकला असता. दोन वर्षांत तीन ग्रंथ समोर ठेवून जें आमच्या लक्षांत आलें नाहीं, तें त्यांना एका दृष्टिक्षेपांत दिसलें. कारण ते जहाजाकडे चित्र म्हणून पाहत नव्हते. दोर दिसला कीं त्याच्या दोन्ही टोकांस काय आहे हें पाहावयाचें, ही त्यांच्या हाताला लागलेली संवय होती. आम्हीं तो दोर त्याच रात्रीं कापला.

आतां तिसरा आक्षेप: इतिहास पराक्रमाचा, सुतळीचा नव्हे. आमच्या मतें सर्वांत मोठा घात हाच समज करतो, आणि त्याचें फळ आपल्याच आरमाराच्या वांट्याला आलें आहे. बाजारांत हल्लीं "मराठा आरमाराचें जहाज" म्हणून ज्या प्रतिकृति मिळतात, त्यांतल्या कित्येक म्हणजे युरोपीय तीन डोलकाठ्यांच्या नौकेवर भगवें निशाण चढविलेलें असतें, दुसरें कांहीं नाहीं. वास्तविक आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतें कशीं होतीं याचें वर्णन त्यांच्या शत्रूनेंच लिहून ठेवलें आहे. रॉबर्ट ऑर्म हा अठराव्या शतकांतला इंग्रज इतिहासकार सांगतो कीं, गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या असत, क्वचित् तीन. तीनाची गुराब सुमारें ३०० टनांची, दोनाची १५० टनांहून अधिक नव्हे. ती लांबीच्या मानानें रुंद, उथळ पाण्यांत चालणारी. तिची नाळ लांब, पुढें निघालेली. आणि त्या नाळेवरून मारा करतां येईल अशा दोन मोठ्या तोफा समोरच्या अंगाला रोंखलेल्या. गलबत याहून लहान, मोठ्यांतलें मोठें ७० टनांच्या आसपास. दोन डोलकाठ्या, मोठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड, आणि चाळीस-पन्नास वल्हीं. वारा पडला कीं हीं गलबतें गुराबांना ओढीत नेत, शत्रूच्या मागच्या अंगाला जात, आणि दोरांवर मारा करून त्याला पंगु करीत. म्हणजे ज्याला तुम्ही पराक्रम म्हणतां त्याची युक्तीच मुळीं दोर जाणण्यांत होती! कोणत्या जहाजाला वळावयास वेळ लागतो, कोणतें शीड पाडलें कीं तें आंधळें होतें, हें ज्याला कळत नव्हतें तो कान्होजींच्या हाताखालीं टिकला नसता.

या आरमाराचा शेवट कसा झाला, हेंहि स्मरणांत असावें. फेब्रुवारी १७५६ मध्यें वॉटसन आणि क्लाइव्ह यांनीं विजयदुर्गावर हल्ला केला. बंदरांत एकत्र नांगरलेल्या तुळाजी आंग्र्यांच्या जहाजांपैकीं एकावर गोळा पडून आग लागली आणि ती पसरून सारा ताफा जळाला. पेशव्यांनींच इंग्रजांचें साह्य घेऊन हें घडवून आणलें, हें लिहितांना लेखणी अडखळते. पण खरें तें लिहिलें पाहिजे. विजयदुर्गाचे दगड राहिले. जुलै २०२५ मध्यें युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला त्यांत तोहि आहे, आणि आम्हां सर्वांस त्याचा आनंद झाला. परंतु ज्यांच्या रक्षणासाठीं ते दगड रचले तीं लांकडें आणि ते दोर राहिले नाहींत. जी वस्तु नाहींशी झाली तिच्या बाबतींत तर दुप्पट सावधगिरी हवी. कारण खोटी प्रतिकृति चुकीची ठरविण्यास तेथें मूळ वस्तु उभी नसते. मुलगा लहानपणीं फडताळावर जें पाहतो तेंच त्याच्या मनांत कान्होजींचें आरमार होऊन बसतें. चुकीचें पुस्तक वाचून विसरतां येतें; डोळ्यांत बसलेलें खोटें चित्र निघत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, "ऑर्मनें डोलकाठ्या मोजल्या, पण दोरन्दोर कोठें सांगितला आहे? मग प्रतिकृति करूंच नये काय?" अवश्य करावी, पण अनुमान तें अनुमान म्हणून करावें. अजिंठ्याच्या लेण्यांतील एका चित्रावरून पांचव्या शतकांतल्या धर्तीचें शिवलेलें जहाज आमच्याच काळांत बांधलें गेलें, आणि २१ मे २०२५ रोजीं कारवार येथें 'कौंडिण्य' या नांवानें तें भारतीय नौदलांत दाखल झालें. चित्रांत सर्व दोर दाखविलेले नव्हते. बांधणाऱ्यांस विचार करावा लागला, आणि ही आम्हीं केलेली पुनर्रचना आहे हें त्यांनीं लपविलें नाहीं. समुद्र खोटा दोर खपवून घेत नाहीं, म्हणून तेथें सचोटी आपोआप येते. फडताळावर समुद्र नसतो. तेथें सचोटी आपण आणावी लागते.

आमचा आग्रह प्रत्येकानें दोन वर्षें गांठी माराव्या असा नाहीं. ज्यांना तेवढा वेळ नाहीं त्यांच्यासाठीं एक जुनी व प्रतिष्ठित वाट मोकळी आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्रजी आरमारासाठीं ज्या उत्कृष्ट प्रतिकृति तयार झाल्या, त्यांतल्या कित्येकांना डोलकाठ्याहि नव्हत्या आणि दोरहि नव्हते. नुसता सांगाडा, पण अचूक. त्यांना कोणी अपुऱ्या म्हणत नाहीं. अर्धें खरें दाखवून थांबणें ही सभ्यता आहे. पुरें खोटें दाखवून मिरविणें ही नव्हे. तेव्हां आमचें मागणें सोपें आहे. जहाज भेट देणाऱ्यानें दुकानदारास एकच प्रश्न विचारावा: हा दोर कोठून निघतो आणि कोठें बांधला आहे? उत्तर न मिळाल्यास बिनदोरांचें जहाज घ्यावें, किंवा चांदीचें निरांजन द्यावें. त्यानें कोणाचेंहि अज्ञान वाढत नाहीं. मराठा आरमाराच्या म्हणून ज्या प्रतिकृति शाळांतून आणि संग्रहालयांतून ठेवल्या जातात, त्यांच्या पाटीवर कोणता भाग लेखी पुराव्यावरून आणि कोणता अनुमानानें, हें दोन ओळींत लिहावें. आणि ज्या घरांत दहा-बारा वर्षांचें मूल आहे, त्या घरीं सबंध जहाज विकत न आणतां एक डोलकाठी, चार चकत्या आणि रिळभर काळा दोरा आणावा. पहिली काठी कलेल, कलूं द्यावी. ती सरळ उभी राहीपर्यंत त्या मुलाला जें कळेल, तें ट्रफाल्गारच्या सनावळ्या घोकून कळणार नाहीं.

आमचे स्नेही या लेखानें रागावतील असें वाटत नाहीं. ते थोर मनाचे आहेत. त्यांच्या फडताळावरचें जहाज अजून तेथेंच आहे, आणि त्याच्यावर अजून दोन वारे वाहत आहेत. परवां त्यांच्या नातीनें मात्र एका निशाणाचा डिंक नखानें काढला आणि तें शिडाच्या दिशेला वळविलें. आजोबांनीं विचारलें, "हें काय केलेंस?" ती म्हणाली, "आजोबा, वारा इकडून येतोय ना?" दोर बाकी आहेत; पण निशाणापुरती तरी सुरुवात झाली.